भिंतीतील ओल शोधण्याची आणि मोजण्याची साधने : नवख्यांसाठी मार्गदर्शक

भिंतीवर डाग उमटला की आधी रंगारी येतो, मग प्लंबर आणि सर्वांत शेवटी वॉटरप्रूफिंग करणारा. तिघेही तीन निरनिराळी कारणे सांगतात आणि बहुतेक वेळा तिघांपैकी एकानेही काही मोजलेले नसते. या फेऱ्यातून गेल्यानंतर साधने वापरायला शिकलेल्या माणसाने, आता त्याच फेऱ्यात अडकलेल्यांसाठी हा लेख लिहिला आहे. घर विकत घेण्यापूर्वी पाहणी करणारे, जुन्या घराची दुरुस्ती काढणारे आणि फरशी किंवा लाकडी जमीन बसवण्यापूर्वी खालचा थर वाळला आहे का हे पाहू इच्छिणारे, अशा सर्वांना त्याचा उपयोग व्हावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. हातात धरण्याजोगे कोणतेही मॉइश्चर मीटर भिंतीतील पाणी थेट मोजत नाही. एक मीटर विजेला होणारा रोध मोजते, दुसरे पदार्थाचा विद्युतक्षेत्राला मिळणारा प्रतिसाद मोजते, थर्मल कॅमेरा पृष्ठभागाचे तापमान दाखवतो आणि कार्बाइड मीटर वायूचा दाब दाखवते. या राशींवरून पाण्याचा अंदाज बांधला जातो. म्हणून प्रत्येक साधन हातात घेताना दोन प्रश्न विचारायचे : हे नेमके काय मोजते आणि पाण्याशिवाय आणखी कशामुळे हा आकडा बदलू शकतो?

१. साधन उचलण्यापूर्वी ओलीचा संशयित उगम ठरवा

इमारतीत पाणी साधारणपणे पाच वाटांनी येते : नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपातील गळती, बाहेरून भिंतीत किंवा छतात मुरणारे पावसाचे पाणी, जमिनीतून भिंतीत वर चढणारी ओल, हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर साचून होणारे पाणी आणि बांधकामाच्या वेळी काँक्रीट व गिलाव्यात राहून गेलेले पाणी. प्रत्येकाची ठेवण वेगळी असते. गळतीचा ओलावा एका जागी सर्वांत जास्त असतो आणि तेथून चहूकडे कमी होत जातो. जमिनीतून चढणारी ओल जोत्यापासून आडव्या पट्ट्यासारखी दिसते, सहसा साधारण १ मीटरपर्यंत पोहोचते आणि तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ राहते. बाष्पाची ओल कपाटामागे, बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत आणि खिडकीच्या चौकटीभोवती, म्हणजे जेथे पृष्ठभाग थंड आणि हवा कोंडलेली असते तेथे, काळ्या बुरशीच्या ठिपक्यांनी आपली जागा सांगते.

घरातील माणसांना विचारण्याचा प्रश्न एकच, पण तो नेटाने विचारावा : डाग कधी वाढतो? पाऊस पडल्यावर काही तासांनी, वरच्या मजल्यावर न्हाणीघर वापरल्यावर, थंडीच्या सकाळी, की ऋतू कोणताही असो सतत? या उत्तरावरून कोणते साधन आधी बाहेर काढायचे हे ठरते आणि निम्मा शोध तेथेच संपतो.

२. साहित्य आणि कागदपत्रे जवळ ठेवा

घरगुती पाहणीसाठी पुढील साधने पुरतात :

- पिनचे मॉइश्चर मीटर, शक्य असल्यास खोलवर मोजण्यासाठी लांब, आवरण असलेल्या पिनांसह
- पिन नसलेले, पृष्ठभागावर टेकवण्याचे मॉइश्चर मीटर
- तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू दाखवणारे थर्मो-हायग्रोमीटर
- पृष्ठभागाचे तापमान दाखवणारे इन्फ्रारेड थर्मामीटर
- प्रखर टॉर्च, मोजपट्टी, खडू, कागदी चिकटपट्टी आणि जाड प्लास्टिकचा कागद
- मास्क, हातमोजे आणि भिंतीतील विजेच्या तारा व धातू शोधणारे यंत्र

थर्मल कॅमेरा, कार्बाइड मीटर आणि काँक्रीटमध्ये बसवायचे आर्द्रता-प्रोब ही साधने भाड्याने किंवा जाणकारासोबत येतात. पहिल्या पाहणीसाठी ती विकत घेण्याचे कारण नाही.

कागदपत्रांपैकी मजल्याचा आराखडा, पाणी आणि सांडपाण्याच्या पाइपांचा नकाशा, यापूर्वी झालेल्या दुरुस्त्यांची बिले आणि डागाची तारखेसह छायाचित्रे गोळा करावीत. पाइपांचा नकाशा मिळत नसेल तर वरच्या आणि शेजारच्या घरातील न्हाणीघर, स्वयंपाकघर व शौचालय नेमके कोठे येते हे तरी कागदावर काढून घ्यावे. हे काम कंटाळवाणे वाटते खरे, पण भिंतीपलीकडे काय आहे हे माहीत नसताना घेतलेल्या आकड्यांचा अर्थच लागत नाही.

३. भिंतीआधी हवा मोजा

बहुतेक नवखे लोक थेट भिंतीला मीटर लावतात. त्याआधी खोलीतील आणि बाहेरील हवेचे तापमान व सापेक्ष आर्द्रता मोजावी, कारण भिंत ओली दिसण्याचे कारण हवेतच असेल तर पुढची बरीच तोडफोड वाचते. हायग्रोमीटर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेल्यावर त्याला स्थिर व्हायला वेळ द्यावा आणि त्याच्या संवेदकावर श्वास पडू देऊ नये.

येथे दवबिंदूची कल्पना समजून घ्यायलाच हवी. हवा ज्या तापमानाला थंड झाली असता तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. खोलीत २० अंश सेल्सियस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे १२ अंश येतो. २५ अंश आणि ७० टक्के असेल तर सुमारे १९ अंश. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर सुमारे २६ अंश. म्हणजे उष्ण आणि दमट हवेत पृष्ठभाग हवेपेक्षा केवळ ४ अंशांनी थंड असला तरी त्यावर पाणी साचते. इन्फ्रारेड थर्मामीटरने संशयित कोपऱ्याचे तापमान घ्या आणि ते दवबिंदूशी ताडून पाहा. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली असेल, किंवा वर असूनही त्याच्या अगदी जवळ असेल, तर बाष्पाचा संशय बळावतो. बुरशीला प्रत्यक्ष पाण्याचे थेंब लागत नाहीत. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिला पुरते.

एका वेळच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या यांमुळे दिवसभरात आर्द्रता खूप वर-खाली होते. म्हणून नोंद ठेवणारे डेटा लॉगर किमान आठवडाभर खोलीत ठेवलेले बरे. स्वस्त हायग्रोमीटरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत चूक असू शकते. ते तपासण्याची सोपी रीत अशी : लहान झाकणात साधे मीठ घेऊन त्यात थोडेच पाणी घालावे, म्हणजे मीठ विरघळून न जाता ओला लगदा होईल. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात शेजारी शेजारी ठेवून तापमान फारसे बदलू न देता रात्रभर थांबावे. नेहमीच्या घरगुती तापमानाला त्या डब्यातील आर्द्रता ७५ टक्के होते. यंत्र जितके कमी-जास्त दाखवेल तितकी त्याची चूक समजून नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

४. पिन नसलेल्या मीटरने भिंत चाळून काढा

हे मीटर पृष्ठभागावर टेकवले की आत एक विद्युतक्षेत्र पाठवते आणि पदार्थ त्याला कसा प्रतिसाद देतो हे पाहते. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती जोरात प्रतिसाद देतो हे सांगणारा अंक) सुमारे ८० असतो, तर कोरड्या लाकडाचा, विटेचा किंवा गिलाव्याचा त्याच्या तुलनेत अगदीच थोडा असतो. म्हणून थोडे पाणी असले तरी आकडा ठळकपणे वाढतो. भिंतीला भोक पडत नाही आणि वेग मोठा, हे या मीटरचे खरे बळ आहे.

भिंतीवर खडूने साधारण ३० सेंटिमीटरच्या अंतराने चौकटी आखून प्रत्येक छेदबिंदूवर मोजावे. आधी त्याच भिंतीचा, त्याच गिलाव्याचा एखादा निश्चित कोरडा भाग शोधून तेथील आकडा आधार म्हणून घ्यावा. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी पाहायचे ते एवढेच, की आकडा आधारापेक्षा किती जास्त आहे. मीटरवर टक्क्याची खूण असली तरी भिंतीवर तो टक्का खरा नसतो. तो केवळ तुलनेचा अंक असतो.

सापळे येथे पुष्कळ आहेत. भिंतीतील लोखंडी सळ्या, गिलाव्याच्या कोपऱ्यात बसवलेली धातूची पट्टी, पाइप किंवा फॉइल लावलेले बोर्ड यांमुळे आकडा एकदम चढतो. असा उंच आकडा बहुधा सरळ रेषेत, ठरावीक अंतराने येतो. पाणी इतके शिस्तीत पसरत नाही. खडबडीत गिलाव्यावर मीटर पूर्ण टेकत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. मीटर धरलेला हात संवेदकाच्या बाजूला आला तरी फरक पडतो. शिवाय या मीटरची पोहोच सामान्यतः २ ते ४ सेंटिमीटरच असते आणि त्यातही पृष्ठभागाजवळच्या थराचा प्रभाव जास्त असतो, त्यामुळे जाड भिंतीच्या आतले काही कळत नाही.

न्हाणीघरातील टाइलबाबत वेगळी सूचना द्यावीशी वाटते. रोज वापरात असलेल्या न्हाणीघरात टाइलखालचा मसाला ओला असणे ही गळतीची खूण नाही, कारण टाइलच्या सांध्यांतून थोडे पाणी आत जातच असते. तेथे मीटर ‘ओले’ दाखवते आणि त्यावरून संपूर्ण न्हाणीघर उखडण्याचा सल्ला दिला जातो. अशा जागी मोजायचे असेल तर काही दिवस वापर बंद ठेवावा आणि टाइलच्या बाजूने मोजण्याऐवजी भिंतीच्या पाठीमागून, शेजारच्या खोलीतून किंवा खालच्या छतावरून मोजावे.

५. पिनच्या मीटरने खात्री करा

दोन टोकदार पिना पदार्थात खुपसल्या की मीटर त्यांच्यामधील विजेचा रोध मोजते. ओल वाढली की रोध घटतो. हे मीटर मुळात लाकडासाठी बनवलेले असते आणि लाकडात ते सर्वांत विश्वासार्ह आहे, तेही साधारण ६ ते ३० टक्क्यांच्या मर्यादेत. लाकडाच्या तंतूंच्या भिंती पाण्याने पूर्ण भरण्याची पातळी सुमारे २८ ते ३० टक्के असते. त्याच्या वर रोध फारसा बदलत नाही, म्हणून ४५ किंवा ६० असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ फक्त ‘फार ओले’ एवढाच घ्यावा. लाकडाच्या जातीप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे दुरुस्ती करावी लागते. ऊन लागून तापलेले लाकूड प्रत्यक्षापेक्षा ओले भासते. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेल्या लाकडातही आकडा चढा येतो.

लाकडाचा आकडा वाचताना ही चौकट ध्यानात ठेवावी : ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दीर्घकाळ राहिलेले लाकूड सुमारे १२ टक्क्यांवर स्थिरावते, ८० टक्के आर्द्रतेत सुमारे १६ टक्क्यांवर. २० टक्क्यांच्या वरचा आकडा टिकून राहिला तर लाकडाला धोका सुरू झाला असे मानतात. म्हणजे दमट हवेत दाराची चौकट १६ दाखवत असेल तर घाबरण्यासारखे काही नाही. तीच चौकट खालच्या टोकाला २४ आणि वरच्या टोकाला १४ दाखवत असेल तर खालून पाणी येते आहे.

वीट, गिलावा किंवा काँक्रीट यांत याच मीटरचा आकडा ‘लाकूड त्या जागी असते तर किती टक्के दाखवले असते’ अशा अर्थाचा असतो. हा फरक न समजल्यामुळे सर्वांत जास्त गोंधळ होतो. जिप्समच्या गिलाव्यात वजनाच्या १ टक्का पाणीही जास्त मानले जाते, तर १ टक्का पाण्याचे लाकूड राहत्या घरात आढळणारच नाही, इतके ते कोरडे ठरेल. तेव्हा ‘भिंतीत २२ टक्के पाणी आहे’ असे कोणी मीटर दाखवून सांगितले, तर ते वाक्य भिंतीपुरते निरर्थक आहे. ‘कोरड्या भागात ११ आणि येथे २२’ हे वाक्य मात्र कामाचे आहे.

क्षार हा पिनच्या मीटरचा मोठा शत्रू. जमिनीतून चढणाऱ्या पाण्याबरोबर क्लोराइड आणि नायट्रेट हे क्षार येतात, पाणी उडून जाते आणि ते गिलाव्यात साठत राहतात. त्यांच्यामुळे वीज सहज वाहते. शिवाय ते हवेतील ओलावा स्वतःकडे ओढतात. परिणामी, मूळ ओल बंद होऊन बराच काळ लोटला तरी लोणा लागलेली भिंत मीटरवर ओलीच दिसते. भिंतीवर क्षारांचा पांढरा बुरा असेल, पोपडे सुटत असतील आणि आकडा एका आडव्या पट्ट्यातच उंच असेल, तर पिनच्या मीटरवर निर्णय करू नये. सातव्या पायरीतील नमुन्याची चाचणी करावी.

पिनच्या मीटरचा सर्वांत हुशारीचा उपयोग भिंतीत किती आत ओल आहे हे टप्प्याटप्प्याने मोजण्यात आहे. टोके सोडून बाकी आवरण असलेल्या लांब पिनांसाठी दोन बारीक भोके पाडून आधी १ सेंटिमीटर, मग ३, मग ५ अशा खोलीवर आकडे घ्यावेत. पृष्ठभागी जास्त आणि आत कमी असा क्रम आला तर ओल खोलीच्या हवेतून आलेली असण्याची शक्यता मोठी. आत जास्त आणि पृष्ठभागी कमी आला तर पाणी भिंतीच्या आतून किंवा पलीकडून येत आहे आणि पृष्ठभाग वाळतो आहे. सर्वत्र सारखेच उंच असेल तर भिंत पूर्ण भिजलेली आहे, किंवा क्षारांचा प्रताप आहे. इतकी माहिती पृष्ठभागावरच्या शेकडो आकड्यांतूनही मिळत नाही.

पिना खुपसण्यापूर्वी त्या जागी वीजतार किंवा पाइप नाही याची खात्री करून घ्यावी. जुन्या इमारतीत काही बोर्डांत किंवा लेपांत ॲस्बेस्टॉस असू शकतो; तसा संशय असेल तर भोक पाडू नये. वॉटरप्रूफिंगच्या थराला आपणच छिद्र पाडून बसणार नाही हेही पाहावे.

६. थर्मल कॅमेऱ्याच्या चित्रावर भाळू नका

थर्मल कॅमेऱ्यात निळा पट्टा दिसला की पाणी सापडले असे सर्वांना वाटते. कॅमेरा पाणी पाहत नाही; तो पृष्ठभागातून निघणाऱ्या अवरक्त किरणांवरून तापमान काढतो. ओली जागा थंड दिसते ती मुख्यतः पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते म्हणून. खोलीची हवा बाष्पाने भरलेली असेल आणि वाफ होतच नसेल, तर ओली भिंतही कॅमेऱ्यात अजिबात वेगळी दिसत नाही. उलट वातानुकूलनाचा झोत, भिंतीतील थंड पाण्याचा पाइप, काँक्रीटचा खांब किंवा फटीतून येणारी हवा यांमुळे कोरडी जागाही निळी दिसते.

चकचकीत धातू आणि काच यांवर कॅमेरा प्रतिबिंबाचे तापमान दाखवतो. रंगवलेली भिंत, गिलावा आणि लाकूड यांवर तो चांगला चालतो, कारण त्यांची उत्सर्जकता, म्हणजे अवरक्त किरण बाहेर टाकण्याची क्षमता, कमाल १ पैकी ०.९ च्या आसपास असते. रंगांची मोजपट्टी आपोआप बदलू देणारी सोय बंद करावी. अन्यथा अर्ध्या अंशाचा फरकही गडद निळा-लाल दिसतो आणि पाहणाऱ्याची फसगत होते. सपाट छतावर मात्र या कॅमेऱ्याचा खरा उपयोग आहे. दिवसभर ऊन पडल्यावर सूर्यास्तानंतर पाहिले तर ओला झालेला उष्णतारोधक थर कोरड्यापेक्षा उशिरा थंड होतो आणि उबदार ठिपक्यांसारखा उठून दिसतो. कॅमेऱ्याने दाखवलेल्या प्रत्येक जागेवर मीटर लावून पाहिल्याखेरीज अहवालात ‘ओल’ हा शब्द लिहू नये.

७. प्रत्यक्ष पाणी मोजायचे असेल तर नमुना काढा

वाद, मोठा खर्च किंवा क्षारांचा संशय असेल तेव्हाच या पायरीची गरज पडते.

सर्वांत पक्की रीत वजनाची. भिंतीतून कमी वेगाने भोक पाडून भुकटी काढावी, कारण वेगाने फिरणाऱ्या ड्रिलच्या उष्णतेने पाणी उडून जाते. भुकटी लगेच हवाबंद डबीत भरून वजन करावे, १०५ अंश सेल्सियसच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावी आणि पुन्हा वजन करावे. ओला नमुना ५२ ग्रॅम आणि वाळलेला ५० ग्रॅम असेल तर २ ग्रॅम पाणी भागिले ५०, म्हणजे ४ टक्के. जिप्सम असलेला नमुना मात्र ४० ते ४५ अंशांवरच वाळवावा. १०५ अंशांवर त्याच्या स्फटिकात बांधलेले पाणीही सुटते आणि कोरडा गिलावा ओला ठरतो. क्षारांचा वाटा वेगळा काढायचा तर वाळवलेला नमुना ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवून तो किती ओलावा शोषून घेतो हे पाहतात. शोषलेले प्रमाण मूळ ओलाव्याइतकेच भरले तर त्या जागी नवे पाणी येत नसून क्षारच हवेतील ओलावा पीत आहेत.

कार्बाइड मीटर हे काम जागेवर, काही मिनिटांत करते. तोललेली भुकटी आणि कॅल्शियम कार्बाइड एका बंद धातूच्या बाटलीत हलवले की पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओलावा कळतो. ॲसिटिलीन ज्वालाग्राही आहे. बाटली मोकळ्या हवेत, ज्योत आणि ठिणगीपासून दूर उघडावी. या मीटरचा टक्का ओल्या नमुन्याच्या वजनावर काढलेला असतो, भट्टीच्या पद्धतीतील कोरड्या वजनावर नव्हे. ओल्या वजनावरचे २० टक्के म्हणजे कोरड्या वजनावरचे २५ टक्के, तेव्हा दोन अहवालांची तुलना करण्यापूर्वी पाया तपासावा.

फरशी किंवा लाकडी जमिनीखालच्या काँक्रीट स्लॅबसाठी पृष्ठभागावरचे मीटर पुरत नाही, कारण वरचा थर वाळलेला असून खाली पाणी असू शकते आणि वरून आच्छादन बसले की ते वर सरकते. यासाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या एफ २१७० या मानकाप्रमाणे स्लॅबमध्ये भोक पाडून आतील सापेक्ष आर्द्रता मोजतात. स्लॅब एकाच बाजूने वाळत असेल तर भोक जाडीच्या ४० टक्के खोल, दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर २० टक्के खोल असते. म्हणजे एका बाजूने वाळणाऱ्या १५० मिलिमीटर स्लॅबमध्ये ६० मिलिमीटर. प्रोब बसवल्यावर २४ तासांनी आकडा घ्यावा. किती आकडा चालेल हे जमीन आणि गोंद बनवणाऱ्याच्या लेखी सूचनेवरून ठरते, कंत्राटदाराच्या अनुभवावरून नव्हे.

८. पाणी कोठून येते ते चाचणीने सिद्ध करा

मीटर ओली जागा दाखवते, उगम दाखवत नाही. पाणी स्लॅबमधून किंवा पाइपाच्या बाहेरून बरेच अंतर वाहून मग डाग होऊन उमटते. म्हणून एका वेळी एकच शक्यता तपासावी.

दाबाच्या पाइपांसाठी सर्व नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतो का ते पाहावे. पाणी टाकीतून येत असेल तर टाकीचा येणारा व जाणारा प्रवाह थांबवून पातळीची खूण करावी. शंका उरली तर प्लंबरकडून पाइपाला दाबमापक लावून घ्यावा. सांडपाण्याच्या वाटेसाठी फ्लोरेसीनसारखा रंग पाण्यात मिसळून सोडतात. तो अतिनील दिव्याखाली हिरवा चमकतो, त्यामुळे कोणत्या नळीचे पाणी खाली आले हे निश्चित सांगता येते. न्हाणीघराच्या जमिनीसाठी जाळी बंद करून पाणी साचवतात आणि २४ तास पातळी व खालचे छत पाहतात. गच्चीवर हीच चाचणी करताना वजनाचा विचार करावा : ५ सेंटिमीटर पाण्याचा भार प्रत्येक चौरस मीटरला ५० किलो होतो, आणि जुन्या स्लॅबवर तो अभियंत्याला विचारल्याशिवाय टाकू नये. बाहेरच्या भिंतीवर पाइपाने पाणी मारून पाहायचे असेल तर खालून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर जावे. वरून सुरुवात केली तर ओघळणाऱ्या पाण्याने सगळ्याच फटी एकदम भिजतात आणि दोष कोणत्या फटीचा ते कळत नाही.

भिंतीची ओल आतली की हवेतली हे ठरवायला, भिंत पुसून कोरडी केल्यावर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवता येतो. पाणी कागदाच्या खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतले, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतले. चाचणी ढोबळ आहे. आकडे जे सुचवत आहेत त्याला दुजोरा मिळतो का, इतकेच तिच्यावरून पाहावे.

९. नोंद ठेवा आणि पुन्हा मोजा

प्रत्येक आकड्यासोबत तारीख, वेळ, जागा, मीटरचे नाव, मीटरवर निवडलेली पदार्थाची खूण, भिंतीत किती आत मोजले ते, हवेचे तापमान व आर्द्रता आणि आदल्या दिवशी पाऊस होता का, हे लिहावे. पुढच्या वेळी तेच मीटर, तीच खूण आणि तेच बिंदू वापरावेत. दोन वेगवेगळ्या मीटरांच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही. बिंदूंवर कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक घालणे सोयीचे पडते. चौकटींच्या नकाशात समान आकडे रेषेने जोडले की ओलीचा आकार दिसू लागतो आणि पहिल्या पायरीतील ठेवणींशी तो पडताळून पाहता येतो.

उगम बंद केल्यावर लगेच रंग देण्याची घाई करू नये. विटेची किंवा काँक्रीटची जाडी दर २५ मिलिमीटरला सुमारे एक महिना अशा वेगाने वाळते असा ढोबळ हिशेब वापरतात, तोही हवा खेळती असेल तर. दर पंधरवड्याला त्याच बिंदूंवर मोजावे. आकडे सलग तीन मोजण्यांत उतरत जाऊन कोरड्या आधारभागाच्या जवळ स्थिरावले, आणि भिंतीच्या आतल्या थराचे आकडेही उतरले, की गिलावा व रंग करायला हरकत नाही. पृष्ठभागाचे आकडे उतरले पण आतले जागेवरच राहिले, तर रंगाऱ्याला थांबवून आठव्या पायरीकडे परत यावे. पाऊस हा संशयित उगम असेल तर दुरुस्तीनंतर एक जोरदार पाऊस पडून गेल्यावरचे आकडे हाती येईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता रोखून धरण्याची अट कामाच्या करारातच लिहून घ्यावी.